दाबाचा काटा

११ ऑक्टोबर २०२३, नांदूरघाट
बीडहून खत भरून येताना मांजरसुंब्याच्या घाटात गाडीने पुन्हा दम सोडला. मोकळी असली की पळते. माल आणि चढ एकत्र आले की ओढ संपते. धूर काळा नाही, आवाजात फरक नाही. गावात ज्याला त्याला निदान पाठ आहे, ‘पंप बसला, उतरवा.’ पंप उतरवून कॅलिब्रेशनला टाकायचा म्हणजे खर्च आणि खोळंबा. दिवाळी झाली की हीच गाडी ऊसतोडीची टोळी घेऊन सांगलीकडे निघणार, मागे बायकापोरं, भांडीकुंडी, शेळ्या. मुकादमाची उचलही वाटून झाली. अंदाजावर पंप खोलायला मी तयार नाही. पंपाला डिझेल पुरतंय का, ते आधी बघू.

१२ ऑक्टोबर
गाडी जुनी टाटा, सहा सिलिंडर, इनलाइन पंप. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात असले पंप १९२७ साली बनू लागले. आपल्याकडे बंगळूरच्या मायकोने आणले. त्या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, पण मिस्त्री लोक अजून मायकोच म्हणतात. फिडपंप टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे ढकलतो, तो साधारण एक ते दीड किलो दाबाने. पुढे नोझलपर्यंत हाच दाब दोनशेच्या घरात जातो. गेज बसवायचं ते अलीकडच्या, कमी दाबाच्या बाजूला. पलीकडच्या नळीला हात लावायचा नाही. तिथली बारीक धार कातडीतून आत घुसते.

१३ ऑक्टोबर
उद्या सर्वपित्री. लेथवाला नवं काम धरेना. ‘दुरुस्तीच आहे’ म्हटल्यावर तयार झाला. फिल्टरच्या बँजो बोल्टसारखाच, जरा लांब डोक्याचा बोल्ट करून घेतला आणि डोक्यात गेजसाठी आटे पाडले. इथेच बहुतेकांची गळती जन्माला येते. पाव इंचाच्या निम्म्या मापात बीएसपीचे आटे इंचाला २८ आणि एनपीटीचे २७. एकात दुसरं घातलं तर दोन-तीन फेरे गोडीत बसतं, मग अडतं. लोक पाना लावून दामटतात आणि वर टेप गुंडाळतात. आमचं गेज बीएसपीचं, म्हणून बोल्टही त्याच आट्यांचा. छिद्राची कड घासून घेतली, आतला बुरा डिझेलने धुतला. पंपाच्या प्लंजरला जागा असते दोन-चार मायक्रॉनची. तिथे लोखंडाचा एक कण गेला तरी पुरे.

१४ ऑक्टोबर
गाडी बाहेर काढायची नव्हती, बसवण्याचं काम उरकलं. आधी फिल्टरचा माथा ब्रशने धुतला, मगच बोल्ट सैल केला. टेफलॉन टेप डिझेलच्या लायनीत मी वापरूच देत नाही. तिचे तुकडे सुटून पुढे जातात. पातळ सीलंट लावलं, तेही पहिला आटा कोरडा ठेवून. बँजोच्या दोन्ही अंगांना तांब्याचे वायसर लागतात. एकच नवा मिळाला; जुना भाच्याने गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला. तांबं असं मऊ पडतं आणि पुन्हा नव्यासारखं बसतं. ‘मामा, अजून आवळू का?’ ‘नको.’ फिल्टरचा माथा ॲल्युमिनियमचा, त्याचे आटे सुटले की माथाच बदलायचा.

गेज केबिनमध्ये हवं, असा भाच्याचा हट्ट. डिझेलची नळी माणसं बसतात तिथे न्यायची नाही. जाळीच्या नळीने, टर्बोपासून लांबून, गेज काचेबाहेर बांधलं. तापल्या टर्बोवर डिझेल पडलं तर भडका उडायला वेळ लागत नाही. फिडपंप ठोके देत ढकलतो, त्याने काटा थरथरतो. म्हणून मध्ये बारीक छिद्राचा पितळी स्क्रू घातला. हातपंप मारून हवा काढली, गाडी चालू केली, सांधे पुसून खडूची पूड भुरभुरली. अर्ध्या तासाने पूड पांढरीच.

१५ ऑक्टोबर, घटस्थापना
घरी घट बसवून घाटात. सपाटीला काटा सव्वा किलोवर. चढाला पूर्ण ॲक्सिलरेटर दिला तसा एकाखाली, मग अर्ध्याच्याही खाली, आणि त्याच क्षणी गाडी बसली. म्हणजे पंप उपाशी. परतल्यावर बोल्ट फिल्टरच्या अलीकडे लावून पुन्हा घाट. तिथेही तेवढीच घसरण. फिल्टर निर्दोष; दुखणं आणखी मागे.

१६ ऑक्टोबर
टाकीची नळी सोडून फिडपंपाला थेट कॅनमधलं डिझेल दिलं. कॅन धरायला क्लीनर, चढ तोच, भारही तोच. काटा हलला नाही. फिडपंपही सुटला, राहिली टाकीपासूनची रबरी नळी. बाहेरून ठणठणीत, कुठे ओल नाही. ओढीच्या बाजूला ओल दिसतच नाही. तिथे फट असली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. ब्लेडने उभी चिरली. आतला थर बोटभर लांब सुटलेला, एका कडेला चिकटलेला. थोडं डिझेल हवं तेव्हा पडून राहायचा, जोराने ओढलं की उठून वाट बंद करायचा. नळी बदलली, काटा घाटात सव्वावर. गावातले मिस्त्री म्हणाले, ‘दादा, पंप काढला असता तर तो नीट निघाला असता, अन् गाडी तशीच राहिली असती.’

२४ ऑक्टोबर, दसरा
गाडीची पूजा झाली. गेज काढून ठेवलं. रोजच्या खडखडाटात जादा सांधा कशाला? मूळ बोल्ट नव्या वायसरवर बसवला. दुपारी मुकादम त्याची बीएस-६ घेऊन हजर, ‘मलाही असलं घड्याळ बसवून द्या.’ नाही म्हणालो. त्या गाडीच्या रेलमध्ये दाब हजाराच्या वर जातो आणि सेन्सर कंपनीनेच दिलेले आहेत. स्कॅनर लावला की आकडे पडद्यावर दिसतात. बोल्ट मात्र मागायला आला तर देईन, त्याच्या जुन्या गाडीसाठी.