चिप आपलं नाव सांगते!

घरच्या कॉम्प्युटरमधल्या कितीतरी चिप स्वतःचं नाव सांगत असतात, हे तुम्हाला ठाऊक होतं? मला परवापर्यंत नव्हतं, आणि कळल्यापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय!

विंडोज नव्याने टाकलं आणि आवाज गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, "दादा, साउंड मदरबोर्डवरच असतो, वेगळा नाही बदलता येत. बोर्डच बदला." एवढ्याशा आवाजासाठी अख्खा बोर्ड? मी शोधायला बसलो. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. पिवळं उद्गारचिन्ह आणि नुसतंच 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस'. त्यावर डबल क्लिक, मग 'डिटेल्स', मग यादीतून 'हार्डवेअर आयडीज'. आणि समोर ही लांबलचक ओळ! पण तीत दोनच जागा बघायच्या. 'व्हीईएन'पुढे चिप बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, 'डीईव्ही'पुढे त्या चिपचा. माझ्याकडे होतं १०ईसी आणि ०८८७. १०ईसी म्हणजे तैवानची रिअलटेक आणि ०८८७ म्हणजे तिची एएलसी८८७. चिपचं नाव चक्क आकड्यातच! बोर्ड बनवणाऱ्यांच्या साइटवरून या चिपचा ड्रायव्हर उतरवला, टाकला, आणि स्पीकर बोलले. बोर्ड तोच, खर्च शून्य.

मग मी थांबतोय कुठला! एकेक डिव्हाइस उघडून बघत गेलो. इंटेलचा क्रमांक काय असेल? ८०८६! १९७८ साली आलेल्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा. असे हजारो क्रमांक आणि नावं गोळा केलेली एक मोफत यादी आहे, मार्टिन मारेश या चेक प्रोग्रॅमरने सुरू केलेली आणि जगभरच्या लोकांनी भर घालून वाढवलेली. लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय' एवढंच टाइप करा, सगळी नावं समोर!

दुसरा शोध तर याहून भारी. लॅनचं पोर्ट मुकं झालं होतं, कितीदा बंद-चालू केलं तरी ढिम्म. तेव्हा कळलं की विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नव्हेच! 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोजचा गाभा, ड्रायव्हरसकट, डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उठतो. कोरी सुरुवात हवी तर 'रीस्टार्ट'. शिवाय वायर लावलेली असेपर्यंत मदरबोर्डला ५ व्होल्ट मिळतच राहतात. कॉम्प्युटर बंद असतानाही लॅनचा दिवा लुकलुकतो तो त्यामुळेच. म्हणून कॅबिनेटची वायर उपसली, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, पुन्हा जोडलं. पोर्ट जिवंत!

आणि भिवंडीकरांनो, एवढं केलंत की वायर काढलेली असतानाच कॅबिनेटही उघडा. आपल्याकडे मागांवरून उडणारे कापसाचे तंतू घरात येतात आणि पंख्यात नि हीटसिंकच्या फटींत जाऊन बसतात. हवा अडली की प्रोसेसर तापतो आणि मंदावतो. मऊ ब्रश पुरतो, फक्त पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

आता शेजारच्या ताईंच्या लॅपटॉपचा कॅमेरा बघायचाय. आधी बायोसमध्ये तो बंद करून ठेवलेला नाही ना ते पाहीन, मग त्याचा आयडी. यूएसबीवर असेल तर 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' दिसतील. तुम्हीही आत्ताच उघडून बघा, तुमच्याकडे ८०८६ किती ठिकाणी निघतो ते!