सज्ज्याखाली उभं राहून

आई शाळेत संस्कृत शिकवायची. शाकुंतलातला उतारा आला की तिचं एक वाक्य ठरलेलं असे. पुस्तक बोटात धरून ती वर्गाकडे बघायची आणि म्हणायची, "पोरांनो, हे नाटक वाचून गटे नावाचा जर्मन महाकवी ते डोक्यावर घेऊन नाचला होता." मी तिसऱ्या बाकावर असायचे. मला तो गटे अगदी स्पष्ट दिसायचा: पांढरे केस, काळा कोट, डोक्यावर आमच्यासारखंच खाकी कव्हर घातलेलं पुस्तक.

गटे खरोखर नाचला की नाही, ही गोष्ट वेगळी. शाकुंतलावर त्याने चार ओळींची कविता लिहिली आणि या नाटकाच्या सूत्रधार-नटीच्या प्रस्तावनेवरून स्वतःच्या 'फाउस्ट'ला रंगभूमीवरचा पूर्वरंग जोडला, असं अभ्यासक मानतात. पण गटेला संस्कृत येत नव्हतं. मग त्याने हे नाटक वाचलं कसं? आईच्या वर्गातून वर्षानुवर्षं मुलं गेली, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. मीही नाही. उत्तर सापडलं ते तीसेक वर्षांनी, ऱ्हाइनकाठच्या माइन्त्स या गावात, एका बरोक महालासमोर.

माइन्त्स स्टेशनवरून ग्रोसं ब्लाइशं नावाचा रुंद रस्ता धरला की नदीपर्यंत चालत जाता येतं. वाटेत जुन्या राजतबेल्यांची इमारत लागते. तिच्या माथ्यावर सोनेरी घोडा आहे आणि आत आता प्रांताचं संग्रहालय. मार्च होता. नदीकडून येणारा वारा कानात शिरत होता. रस्ता संपत आला की उजळ दर्शनी भागाचा एक महाल दिसतो. मधला भाग किंचित पुढे आलेला, समोरच्या अंगणाला दोन बाजूंनी दोन छोटी घरं, आणि मधोमध सज्जा. हे डॉइचहाउस. ऱ्हाइनलान्ड-फाल्त्स राज्याचं विधिमंडळ इथे भरतं.

माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडची विधानभवनं होती: बंदोबस्त, फाटकं, दिव्याच्या गाड्या. इथे एक तरुणी फायलींची पिशवी खांद्याला लावून सायकलवरून आली, सायकल कठड्याला टेकवली, वाऱ्याने उडालेला स्कार्फ सावरला आणि आत गेली. मी बराच वेळ त्या सायकलकडे बघत राहिले. ज्या लोकांसाठी हा महाल बांधला, त्यांच्या दारात अशी सायकल कुणी टेकवू शकलं नसतं.

हा बांधून घेतला फ्रान्त्स लुडविग या धर्माधिपतीने. तो माइन्त्सचा आर्चबिशप होता, म्हणजे सम्राटाच्या निवडीत मत असलेल्या मोजक्या राजपुरुषांपैकी एक. शिवाय जर्मन ऑर्डर नावाच्या पंथाचा प्रमुखही होता. हा पंथ 1190 मध्ये धर्मयुद्धाच्या धामधुमीत अक्का शहराच्या वेढ्यात जन्मला, जखमी यात्रेकरूंच्या शुश्रूषेसाठी. पुढे त्याचे संन्यासी तलवार धरू लागले, मुलूख राखू लागले, महाल बांधू लागले. डॉइचहाउस हे नाव या पंथावरूनच पडलं. 1730 मध्ये काम सुरू झालं. वास्तुकार होता आन्सेल्म फ्रान्त्स फॉन रिटर त्सू ग्रोनस्टाइन. फ्रान्त्स लुडविग 1732 मध्येच वारला. ज्या सज्ज्यात उभं राहून त्याला नदी बघायची असेल, तो सज्जा पुरा झालेला त्याने पाहिला नाही.

पुढची साठ वर्षं महाल त्याच्यासारख्यांच्याच हाती राहिला. मग 1792 चा ऑक्टोबर आला. फ्रान्सची क्रांतिसेना जनरल क्युस्तिनच्या मागे ऱ्हाइनपर्यंत धडकली, आर्चबिशप पळून गेला आणि 21 ऑक्टोबरला शहर फ्रेंचांच्या ताब्यात आलं. दोनच दिवसांनी शहरातल्या काही माणसांनी, त्यांत प्राध्यापक, डॉक्टर, विद्यार्थी होते, 'स्वातंत्र्य आणि समता यांच्या मित्रांची सभा' स्थापन केली. थोड्याच दिवसांत विद्यापीठाचा ग्रंथपालही तिच्यात आला. त्याचं नाव गेओर्ग फोर्स्टर.

याच माणसासाठी मी इथवर आले होते.

फोर्स्टर 1754 चा, डान्त्सिगजवळच्या एका खेड्यात जन्मलेला. सतराव्या वर्षी वडिलांबरोबर कॅप्टन कुकच्या जहाजावर चढला आणि तीन वर्षं पृथ्वीभोवती फिरला. दक्षिणेकडचे हिमखंड त्याने पाहिले, ताहितीची माणसं पाहिली. झाडं, पक्षी, मासे यांची चित्रं काढली. परतल्यावर त्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं आणि विशी-बाविशीतच नाव मिळवलं. 1788 मध्ये तो माइन्त्सला ग्रंथपाल झाला. 1790 मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट या तरुण मित्राला बरोबर घेऊन इंग्लंडला गेला, आणि तिथून परत आला तो शाकुंतल घेऊन. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी केलेला तो इंग्रजी अनुवाद होता, 1789 मध्ये कलकत्त्यात छापलेला.

फोर्स्टरने तो जर्मनमध्ये आणला. 1791 मध्ये माइन्त्स आणि लाइपझिग इथून पुस्तक निघालं: 'साकोन्ताला, अथवा निर्णायक अंगठी'. मागे त्याने टिपा जोडल्या, आपल्याकडची झाडं, देव, चालीरीती समजावून सांगणाऱ्या. ज्याने कण्वाचं तपोवन कधी पाहिलं नव्हतं, अशा माणसाला तिथली वेल कशी असते हे सांगायची त्याची धडपड मला फार जवळची वाटते. भारत पाहायची त्याला इच्छा होती. ती राहून गेली. गटेच्या हाती आलं ते हे पुस्तक. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभं केलं, त्याच्या 89 वर्षं आधी या गावात शकुंतला जर्मन बोलत होती.

फ्रेंच सैन्याच्या छायेखाली फेब्रुवारी 1793 मध्ये निवडणूक झाली. एकवीस वर्षांवरच्या पुरुषांना मत होतं, बायकांना नव्हतं. मत द्यायचं तर आधी स्वातंत्र्य आणि समतेची शपथ घ्यावी लागे. पुष्कळांनी ती घेतली नाही. नकार देणाऱ्या कितीकांना घरदार सोडून नदीपलीकडे हाकललं गेलं. माइन्त्स शहरात तर फारच थोडे लोक मत द्यायला आले. ही लबाडी होती असं म्हणून मी तिला सोडून देऊ शकत नाही, आणि तो निखळ लोकशाहीचा दिवस होता असंही मला म्हणवत नाही. संगिनी दारात होत्या. तरीही जर्मन भूमीवर गावोगावचे लोक पहिल्यांदाच मत देऊन आपला माणूस पाठवत होते. सुमारे 130 गावांनी आणि शहरांनी प्रतिनिधी पाठवले. ते 17 मार्चला एकत्र जमले ते या डॉइचहाउसमध्ये. अध्यक्ष तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आन्द्रेआस योझेफ होफमान, आणि उपाध्यक्ष शाकुंतलाचा अनुवादक.

दुसऱ्या दिवशी, 18 मार्चला, होफमान या सज्ज्यात आला आणि त्याने जाहीर केलं की लान्डाउपासून बिंगेनपर्यंतचा सगळा मुलूख आजपासून एक स्वतंत्र, अविभाज्य राज्य आहे आणि सम्राटाशी त्याचं नातं तुटलं आहे.

मी मान वर करून सज्जा बघत होते. तो तसा लहानच आहे. खालून हाक मारली तर वरच्या माणसाला ऐकू जाईल, इतकाच उंच. खाली उभ्या असलेल्यांत टोपी हवेत उडवणारे असतील, खिशात हात घालून गप्प राहिलेले असतील, घरच्या कुणालातरी नदीपार हाकललेलं असल्यामुळे दात-ओठ खाणारेही असतील. आणि आत, दाराच्या अलीकडे कुठेतरी, देवीच्या व्रणांनी भरलेल्या चेहऱ्याचा, समुद्रावरच्या उपासमारीने कायमचा पोखरलेला अडतीस वर्षांचा फोर्स्टर असेल.

तीनच दिवसांनी त्या सभेने फ्रान्समध्ये सामील व्हायचं ठरवलं. एकट्याने टिकणं शक्य नाही, हे त्यांना दिसत होतं. अर्ज घेऊन फोर्स्टर आणखी दोघांसह पॅरिसला निघाला. 30 मार्चला पॅरिसने अर्ज मंजूर केला. तोवर प्रशियाच्या फौजा माइन्त्सभोवती आवळत आल्या होत्या आणि त्याचा परतीचा रस्ता बंद झाला होता.

इथे गटे पुन्हा येतो. 1792 च्या ऑगस्टमध्ये, फ्रान्सवरच्या स्वारीला जाताना, तो माइन्त्सला थांबला होता आणि फोर्स्टर आणि त्याच्या मित्रांसोबत त्याने दोन संध्याकाळी आनंदात घालवल्या होत्या. राजकारणाचा विषय दोन्हीकडून टाळला गेला, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढच्या वर्षी तोच गटे आपल्या ड्यूकबरोबर वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत होता. जूनच्या रात्री तोफांच्या माऱ्याने कॅथेड्रल पेटलं, ते त्याने बाहेरून पाहिलं. ज्या गावातून त्याला शकुंतला मिळाली, ते गाव त्याच्या डोळ्यांदेखत जळत होतं. 23 जुलैला शहर पडलं. प्रजासत्ताकवाल्यांना जमाव रस्त्यात गाठून मारू लागला. त्यातल्या एकाला आपण मध्ये पडून वाचवलं, हेही गटेनेच सांगितलं आहे. आई जो गटे सांगायची, त्या नाचणाऱ्या गटेशेजारी हा काळजी करणारा गटे मला आता उभा दिसतो, आणि तो मला जास्त आवडतो.

फोर्स्टरला साम्राज्याने बहिष्कृत ठरवलं. बायको आधीच मुलींना घेऊन निघून गेली होती. 10 जानेवारी 1794 ला पॅरिसमध्ये, भाड्याच्या खोलीत, आजारपणात तो गेला. वय एकोणचाळीस. बरोबरच्या दोघांपैकी आडाम लुक्स त्याच्या दोन महिने आधी गिलोटिनखाली गेला होता.

महालाचं पुढे काय झालं ते झटकन सांगते. फ्रेंच पुन्हा आले, माइन्त्स फ्रान्सच्या एका जिल्ह्याची राजधानी झालं, नेपोलियन या महालात उतरू लागला. त्यानंतर हेसचे ग्रँड ड्यूक आले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले आणि बाहेरच्या भिंती तेवढ्या उरल्या.

आणि 1946 मध्ये पुन्हा एकदा फ्रेंच सेनापतीच्याच हुकमाने इथे राज्य जन्माला आलं. 30 ऑगस्टचा तो हुकूम, नाव ऱ्हाइनलान्ड-फाल्त्स. मात्र 18 मे 1947 रोजी त्याची घटना लोकांच्या मतांवर ठेवली गेली, आणि या वेळी बायकांनीही मत दिलं. विधिमंडळ आधी कोब्लेन्त्सला बसलं. मग भाजलेल्या भिंतींच्या आत नवं सभागृह बांधून 1951 मध्ये ते डॉइचहाउसमध्ये आलं. 2016 ते 2021 पर्यंत दुरुस्ती चालली तेव्हा आमदार त्या सोनेरी घोड्याच्या संग्रहालयात बसत होते. आता परत आले आहेत. सभागृहात 1832 च्या हांबाख मेळाव्यातला एक काळा-लाल-सोनेरी ध्वज आहे. त्या मेळाव्यात हजारो लोक एकसंध आणि मुक्त जर्मनी मागायला डोंगर चढून गेले होते. ते रंग नंतर देशाचे झाले.

1793 च्या सभेचा मात्र या शहराला बराच काळ विसर पडला होता. फितुरांची सभा, परक्यांच्या तालावर नाचलेली, असं म्हणून ती बाजूला सारली गेली. पूर्व जर्मनीने तिला डोक्यावर घेतलं, तेव्हा पश्चिमेकडे आणखीच अवघडलेपण आलं. अखेर 2013 मध्ये, त्या घोषणेला 220 वर्षं झाली तेव्हा, महालासमोरच्या चौकाला 'माइन्त्स प्रजासत्ताक चौक' असं नाव मिळालं. मी उभी होते तो हाच चौक.

त्या पाटीकडे बघताना मला पाचवा अंक आठवला. शकुंतला भर दरबारात उभी आहे, राजा तिला ओळखत नाही, ती खूण दाखवायला बोट चाचपते आणि अंगठी नाही. आई हा अंक शिकवताना थांबायची, खिडकीबाहेर बघायची. मग सहावा अंक: कोळ्याला मासा चिरताना ती अंगठी सापडते आणि शिपाई त्यालाच चोर म्हणून बांधून बडवत आणतात. राजाची आठवण परत आणणाऱ्याला आधी मार बसतो. फोर्स्टरने हा प्रवेश जर्मनमध्ये लिहिताना, शब्द जुळवताना, दोन वर्षांनी आपल्याला काय सोसायचं आहे याची त्याला काय कल्पना असणार?

मी आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. तिला सगळं सांगितलं: जोन्स, इंग्लंड, 1791, सज्जा, पॅरिसची खोली. ती मध्ये एकदाही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "इतकी वर्षं मी मुलांना नुसतं गटे, गटे सांगत आले गं. त्याच्या हातात पुस्तक ठेवणारा राहूनच गेला." मग म्हणाली, "थांब, धर जरा."

ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. तिचं ते शाकुंतल मला माहीत आहे: पुठ्ठा सुटलेला, समासात तिच्या बारीक अक्षरातल्या पेन्सिलीच्या नोंदी, प्रस्तावनेच्या पानावर 'गटे' या शब्दाखाली दोन रेघा.

"हं, सांग आता नाव. सावकाश सांग."

"गेओर्ग," मी म्हणाले. "ग ला मात्रा, मग ओ, आणि ग वर रफार."

पेन्सिल कागदावर सरकत होती. "पुढे?"

"फोर्स्टर."