अर्धी केबिन

एकट्याने हिंडणाऱ्याला जग जरा महागच पडते. टांगा असो, रिक्षा असो, पैसे बसणाऱ्यांचे नव्हे, तर वाहनाचे द्यावे लागतात. विश्रामगृहातली खोलीही तशीच. समुद्रावर हा हिशेब अधिकच कडक होतो. सहलीसाठी निघणाऱ्या मोठ्या जहाजांच्या जाहिरातीत भाडे ‘माणशी’ छापलेले असते खरे, पण ते एका केबिनमध्ये दोघे जण राहतील असे गृहीत धरून. एकट्याने केबिन घेतली, की न आलेल्या दुसऱ्या माणसाच्या भाड्याचा मोठा भाग, आणि कित्येकदा ते संपूर्ण भाडे, त्याच्याच माथी येते.

यात जहाजवाल्यांचीही एक बाजू आहे. हॉटेलाला मागाहून मजला चढवता येतो. जहाजावरच्या केबिनी मात्र ते बांधतानाच ठरून जातात. शिवाय त्यांचे उत्पन्न केवळ तिकिटावर नसते. उतारू जहाजावर जे खातो, पितो, विकत घेतो, त्यावरही त्यांची मदार असते. आणि रिकामी शायिका काही कॉफी मागवत नाही. ‘नॉर्वेजियन एपिक’ हे जहाज २०१० साली निघाले, तेव्हा त्यावर एकट्या प्रवाशांसाठी १२८ चिमुकल्या केबिनी मुद्दाम बांधल्या होत्या, त्याचे केवढे कौतुक झाले! काही कंपन्यांनी दुसरा मार्ग काढला. दोन अनोळखी स्त्रियांना, किंवा दोन अनोळखी पुरुषांना, एका केबिनमध्ये राहू द्यायचे आणि भाडे अर्धे अर्धे घ्यायचे.

परदेशात ही खास सवलत म्हणून सांगतात. आपल्याकडे कोचीहून लक्षद्वीपला किंवा चेन्नई-कोलकात्याहून अंदमानला जाणाऱ्या जहाजांवर ही जुनीच रीत आहे. तेथे आगगाडीप्रमाणे शायिकेचे तिकीट काढायचे. शेजारी कोण, ते दैवावर. २०१८ च्या डिसेंबरात मी असेच एक तिकीट काढले. कोचीहून निघून कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटे पाहायची, दिवस बेटावर घालवायचा आणि रात्री जहाजावर परतायचे, अशी ती सहल होती. माझ्या वाट्याला दोन शायिकांच्या केबिनमधली एक शायिका आली होती.

आईला हे मुळीच पसंत पडले नाही. तिचे बालपण वेंगुर्ल्याचे. मुंबईची आगबोट बंदराबाहेर नांगरायची आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणायचे, ते तिने अनुभवलेले. “आगगाडीत शेजारीण वाईट निघाली, तर एखादे स्टेशन येते नि ती उतरते,” ती म्हणाली. “समुद्रात स्टेशन कुठले?” मी हसण्यावारी नेले. पण पेटीला साखळी आणि कुलूप घेतले, हेही कबूल केले पाहिजे.

कोचीच्या विलिंग्डन बेटावरून आम्ही निघालो. बंदर खोल करताना उपसलेल्या मातीचे हे बेट. माणसाने केलेल्या भूमीवरून निघून प्रवाळांनी केलेल्या भूमीकडे जायचे, ही कल्पना मला मोठी गमतीची वाटली. प्रवेशाचे परवाने आणि ओळखपत्रे तपासून झाली, आणि मी ‘कवरत्ती’ जहाजावर चढले. सातशे उतारूंचे हे जहाज विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये बांधलेले आहे. केबिनचे दार उघडले तो खिडकीकडची शायिका गेलेलीच होती. तिच्यावर साठी उलटलेल्या एक बाई पाय दुमडून बसल्या होत्या. केसांत मोगऱ्याचा गजरा, शेजारी पितळेचा फिरकीचा तांब्या. मला क्षणभर रागच आला. दोघींनी सारखेच पैसे भरले होते ना?

“ये,” त्या हिंदीत म्हणाल्या. “मला अक्का म्हण. तुमच्याकडे पण अक्का असते, मला माहीत आहे.”

त्या चेन्नईच्या. टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजवर त्यांनी अनेक वर्षे काढली होती. त्यांची हिंदी तोडकी, माझी तमीळ शून्य, इंग्रजी दोघींची कामापुरती. मला वाटले, बरे झाले, फार बोलावे लागणार नाही. रात्री दिवा मालवल्यावर मी पेटीला साखळी घातली आणि कुलूप दाबले. खट् असा आवाज झाला. नीट लागले की नाही अशी शंका आली, म्हणून काढून पुन्हा दाबले. काळोखातून अक्कांचा आवाज आला, “आता लागले. पहिल्यांदा कच्चे होते.”

त्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. आयुष्यभर कानांनी काम केलेल्या माणसाने जे ऐकले, ते सांगितले, इतकेच. मी मात्र पांघरूण डोक्यावर ओढून घेतले.

कोचीपासून कवरत्ती समुद्रमार्गाने ४०४ किलोमीटर आहे. बेटाभोवती प्रवाळाचा बांध असल्याने मोठे जहाज आत शिरत नाही. ते बाहेर उभे राहते आणि उतारूंना लहान बोटींतून नेतात. जहाजाच्या कुशीतले, पाण्यालगतचे एक दार उघडते. खाली बोट लाटेबरोबर वर येते, खाली जाते. ती वर आली, की दोन खलाशी तुमचे दंड धरतात, आणि त्या एका क्षणात पाऊल टाकायचे असते. आईच्या तोंडून ऐकलेले वेंगुर्ल्याचे पडाव मला आठवले. अक्का माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी खाली पाहिले, बोट एकदा वर आलेली पाहिली, एकदा खाली गेलेली पाहिली, आणि त्या मागे सरल्या. “तू जा,” म्हणाल्या.

मी गेले. खरे सांगायचे, तर सुटल्यासारखेच वाटले. भाडे आम्ही वाटून घेतले होते. प्रवास वाटून घेण्याचे कोठे ठरले होते?

कवरत्ती पाहण्याजोगे आहे. १९६४ पासून या द्वीपसमूहाचा कारभार येथून चालतो. त्यापूर्वी तो कोळिकोडहून, म्हणजे मुख्य भूमीवरून चाले. एकंदर ३६ बेटांपैकी १० वर वस्ती, आणि सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. हा आकडा नकाशात वाचून कळत नाही, पण रस्त्याच्या दोन्ही टोकांना समुद्र दिसू लागला की कळतो. उज्रा मशिदीच्या छतावरचे लाकडी कोरीवकाम मी मान दुखेपर्यंत पाहिले. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहिले. सायंकाळी परतले, तेव्हा अक्का माझीच वाट पाहत होत्या. त्यांनी विचारले, “तिथे फोन लागत होता?”

लागत होता, मी आईशी बोलूनही आले होते. जहाजावर मात्र अक्कांच्या फोनवर काही खूण उमटत नव्हती. त्यांनी तो पुन्हा पिशवीत ठेवला आणि आणखी काही विचारले नाही.

त्या रात्री मला बोट लागली. हा आमचा कोकणी शब्दप्रयोग किती नेमका आहे, ते त्या रात्री समजले. ऊन लागावे, नजर लागावी, तशी ती लागते. डोळे सांगतात, केबिन स्थिर आहे. कानाच्या आतले तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते, सगळे हलते आहे. आणि त्या दोघांच्या भांडणात पोटाचा बळी जातो. गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. डिसेंबरातला समुद्र बहुधा शांत असतो, या भरवशावर मी ती घेतलीच नव्हती.

अक्का उठल्या. त्यांनी दिवा लावला नाही. टॉवेल भिजवून माझ्या कपाळावर ठेवला, तांब्यातले पाणी घोटघोट पाजले, आणि मग मला हाताला धरून आपल्या, खिडकीकडच्या शायिकेवर निजवले. “उजाडले की तिथून रेघ दिसेल, आकाशाची आणि पाण्याची. तिच्याकडे पाहत राहा.” स्वतः माझ्या शायिकेवर बसल्या. थोड्या वेळाने अंधारातून चक्क मराठीत शब्द आले, “तीन मिनिटे झाली. वाढवू का?”

मी इतक्या ग्लानीतही हसले. ट्रंक कॉलचा आकार तीन मिनिटांच्या हिशेबाने असे. तीन मिनिटे भरली, की ऑपरेटर मध्येच विचारीत असे. रात्रपाळीत मुंबईच्या ऑपरेटरणींशी बोलता बोलता अक्का हे वाक्य शिकल्या होत्या. त्या मुलींपैकी एकीलाही त्यांनी कधी पाहिले नाही. पण कोणाला सर्दी झाली आहे, कोणाचे घरी बिनसले आहे, ते आवाजावरून कळत असे. रात्रभर त्या अधूनमधून तोच प्रश्न विचारीत राहिल्या, आणि माझ्या उत्तरातल्या आवाजावरून माझी प्रकृती ताडत राहिल्या.

त्याच रात्री बाकीची हकीकत कळली. एक्स्चेंजमध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी एक मैत्रीण होती. दोघींची नोकरी बरोबरची, निवृत्तीही एकाच वर्षी. रोज तासन्‌तास दूरदूरच्या गावांची नावे उच्चारायची आणि एकही गाव पाहायचे नाही, असे आयुष्य गेलेले. म्हणून निवृत्तीनंतर दरवर्षी एक ठिकाण पाहायचे दोघींनी ठरवले. या वर्षी लक्षद्वीप. दोन शायिकांचे पैसे भरले, परवाने आले, आणि मैत्रीण न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. अक्का जाण्याचे रद्द करणार होत्या, पण मैत्रिणीने ऐकले नाही. एक शायिका परत केली गेली. अट एकच: प्रत्येक बेटावरून फोन करायचा.

परत केलेली शायिका ती मला मिळालेली. पुरी केबिन न घेता पैसे वाचवले म्हणून मी घरी केवढी ऐट मिरवली होती! आणि खिडकी मैत्रिणीसाठी ठेवायची होती, ती येणार नाही म्हटल्यावर अक्कांनी स्वतः घेतली होती.

दुसऱ्या दिवशी कल्पेनीचे दर्शन आम्ही डेकवरूनच घेतले. माझ्यात उतरण्याचे त्राण नव्हते, आणि अक्कांनी तो विषयच काढला नाही. एकाच खाजणाच्या कुशीत मुख्य बेट आणि त्याची तिलक्कम, पिट्टी ही चिमुकली भावंडे, आणि पाण्याचा निळा रंग किती प्रकारचा असू शकतो त्याचे प्रदर्शन, एवढे लक्षात आहे.

अशा भागीदारीत राहू इच्छिणाऱ्यांना येथे चार गोष्टी सांगून ठेवते. आपले औषधपाणी, घोरण्याची सवय, पहाटे उठण्याची वेळ पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकावी. पैसे आणि कागदपत्रे जवळ बाळगावीत. त्यात अविश्वास नाही, दोघींचीही सोय आहे. कुलूप मात्र दिवा असतानाच लावावे.

मिनिकॉय या समूहाच्या अगदी दक्षिणेला, नऊ अंशांच्या खाडीपलीकडे आहे. इतर बेटांवर मलयाळम वळणाची बोली चालते. येथे महल बोलतात, ती मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण, आणि लिहितात उजवीकडून डावीकडे. येथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी म्हणून जात आले आहेत, आणि घरेदारे बायकांनी सांभाळली आहेत. ज्या बेटाने इतके खलाशी दिले, तेथे उतरायला घाबरायचे, हे अक्कांना बहुधा मनातून खटकले असावे. सकाळी त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, “आज लाइन जोडायचीच.”

मी आधी बोटीत उतरले. वर दारात अक्का, त्यांच्या दोन्ही बाजूंना खलाशी. बोट वर आली, त्यांनी पाऊल उचलले नाही. पुन्हा वर आली, पुन्हा नाही. मागे रांग खोळंबली होती, कोणीतरी कुरकुरले. मला काय सुचले कोण जाणे, मी खालून ओरडले, “अक्का, तीन मिनिटे झाली!” त्या हसल्या, आणि हसतानाच खलाशांनी त्यांना अलगद माझ्या शेजारी आणून ठेवले. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ दुपारपर्यंत होते.

बेटाच्या टोकाला १८८५ साली बांधलेला दीपस्तंभ आहे. मी वर जाऊन आले. नारळींचे दाट रान, त्याला खेटून खाजण, आणि पलीकडे फेसाची पांढरी किनार. अक्का खाली सावलीत बसल्या होत्या. मी उतरले तेव्हा फोन लागलेला होता. त्या तमिळमध्ये भराभर बोलत होत्या, मध्येच थांबून फोन लाटांच्या दिशेने धरत होत्या, पुन्हा बोलत होत्या. मग त्यांनी तो माझ्या हाती दिला. “तुझ्याशी बोलायचे म्हणते.”

पलीकडचा आवाज अशक्त होता, पण उच्चार स्वच्छ, ऑपरेटरचा. नमस्कार-चमत्कार झाले. मग त्यांनी हिंदीत विचारले, “खिडकी कोणाला मिळाली?”

“पहिल्या रात्री अक्कांना,” मी म्हटले. “नंतर मला.”

पलीकडे क्षणभर शांतता. “बरोबर,” त्या म्हणाल्या. “आता फोन तिला दे.”