मोडीच्या वर्गातील नवागत

देवासच्या घरी बसून मोडीचा ऑनलाइन वर्ग चालविताना नवागतांच्या स्वागताचे काम मी स्वतःकडेच ठेवले आहे. कारण धार आणि देवास येथील ज्या मराठी कुटुंबांतील पूर्वजांनी पवारांच्या पदरी दफ्तरे सांभाळली, त्यांचीच पतवंडे या वर्गात बहुसंख्येने येतात, आणि त्यांची धास्ती लिपीपेक्षा स्वतःच्या मराठीविषयीच अधिक असते. १९४८ साली धार आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीची संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, शाळा-कचेऱ्यांत हिंदी स्थिरावली, आणि मराठी माजघरापुरती उरली.

म्हणून आरंभी पडद्यावरील बहुतेक चौकटी काळ्या आणि आवाज बंद असतात. एका मुलीने मला एकट्यालाच दिसेल असे न लिहिता, धीर एकवटून सर्वांदेखत विचारले, "सर, घरी मराठीच बोलतो, पण लिहिण्यात गलत्या होतात, चालेल ना?" मी सांगितले की, आधी ओळभर शिरोरेषा ओढून, मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाणाऱ्या त्या कारकुनांनी वेलांटी-उकारांतील ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध बाळगलाच नव्हता, तेव्हा मोडीच्या दरबारात ही तक्रार दाखलच होत नाही. त्यानंतर एकेक चौकट उजळू लागली.

प्रत्येक नवागताला मागील तुकडीतील एक सोबती नेमून दिलेला असतो. तो गिरवलेल्या पानाचे छायाचित्र पाहून दुरुस्ती सुचवितो, आणि वर्ग चुकला तर फोन करून विचारपूस करतो. घरचा एखादा जुना कागद सोबत आणावयास आम्ही सांगतो, परंतु त्याचे वाचन तारखेपासून सुरू होते. त्या कागदांत सुहूर सन अरबी अंकशब्दांत येतो. 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७५. हा सन मृगारंभी पालटत असल्यामुळे जानेवारीतील घटनेसाठी त्यात ६०० मिळवावे लागतात, आणि धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला ते १७७५ साल हाती येते. हा नमुना सोडविल्यावर विद्यार्थी स्वतःच्या कागदाकडे वळतो.

पुष्कळांची विनंती असते की, सगळा कागद मीच वाचून द्यावा. मी ती नम्रपणे नाकारतो. कागद वाचून दिला की माणूस आभार मानून निघून जातो, आणि तारीख त्याची त्यानेच लावली की उरलेल्या मजकुरासाठी तो वर्गात थांबतो.