पिशवीवरचं नाव

नंदुरबारहून अक्कलकुव्याला येणारी एसटी तळोद्याला थांबली, तेव्हा माझ्या मांडीवर हवा भरून फुगवलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. आत पाण्यात बोटाएवढे दोन मासे. शेजारच्या बाईंनी कौतुकानं वाकून पाहिलं. विचारलं, "कोणता मासा हो ताई?" मी पिशवी फिरवली, दुकानदारानं स्केचपेननं लिहिलेली अक्षरं माझ्या बुरख्याच्या बाजूला केली आणि म्हणाले, "अकारा. निळा अकारा."

पिशवीवर लिहिलं होतं, 'ग्रीन टेरर'.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. आधी निरीक्षण, मग निष्कर्ष, हे बी.एड.च्या वर्षात पाठ टाचणात किती वेळा लिहिलं असेल! त्या दिवशी मात्र निष्कर्ष आधी निघाला, आणि तोही भीतीनं काढला.

काठीला अब्बांचं किराणा दुकान आहे. शाळा तालुक्याला, म्हणून देवगोईचा घाट चढून मी सुट्टीत घरी जाते. दुकानामागच्या खोलीत काचेची पेटी ठेवली, मासे सोडले, खायला घालायचं काम अब्बांकडे दिलं. पेटीवर उर्दूत आणि मराठीत चिठ्ठी लावली, 'ब्लू अकारा', आणि शेजारी एका पुस्तकातलं अकाराचं चित्र.

मनाची समजूत घालणं अवघड नव्हतं. दोन्ही मासे सिक्लिड कुळातले. हे कुळ आपल्याला परकं नाही. कोकणातला कालुंदर याच कुळातला, आणि 1952 साली भारतात आणलेली, बाजारात चिलापी म्हणून मिळणारी तिलापियाही याच कुळातली. ब्लू अकारा त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलाकडचा. ग्रीन टेरर इक्वेडोर आणि पेरूच्या, प्रशांत महासागराला मिळणाऱ्या नद्यांतला. पण पिल्लं शेजारी ठेवली तर दुकानदारही गोंधळतो. दोघंही मातकट, अंगावर पुसट पट्टे, कुशीवर काळा डाग, गालावर निळसर रेघा. रंगावर विसंबावं तर मासा घाबरला की फिका पडतो आणि रागावला की गडद होतो.

पाड्यावरचा सातवीतला एक मुलगा तेल-मीठ न्यायला आला की पेटीपुढे उभा राहायचा. काही महिन्यांनी तो म्हणाला, "बाई, हा त्या चित्रातला नाही. याच्या शेपटीला किनार आहे."

किनार खरंच होती. शेपटीच्या आणि पाठीवरच्या पराच्या कडेला रुंद नारिंगी पट्टी. अकाराला अशी पट्टी नसते. तो पंधराएक सेंटिमीटरवर थांबतो, हा वीसपर्यंत जातो, आणि नराच्या कपाळावर उंचवटा येतो. ती किनार मला दोन महिने आधीच दिसली होती. मी गप्प बसले होते.

अब्बा गल्ल्यावरून म्हणाले, "अगं, आपल्या होळीत मी काय करतो?" काठीच्या राजवाडी होळीला बुध्या बनून आलेले सगळे अंगावर ठिपके काढलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले. आम्हा मुलांना सगळे एकच वाटत. अब्बा मात्र एकेकाचं नाव सांगत. "रंग सगळ्यांचा एकच असतो. चाल ज्याची त्याची," असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं त्या माणसांना वाणसामान देत आल्यावर आलेली ती ओळख.

जाणकारांनाही वेळ लागतोच. पेरूमधला असाच एक मासा अनेक वर्षं ग्रीन टेरर म्हणूनच पाळला गेला. 2009 साली अभ्यासकांनी तो वेगळा काढून त्याला अँडिनोअकारा स्टाल्सबर्गी असं नाव दिलं. एकाच्या खवल्याचा मध्य गडद आणि कड फिकट, तर दुसऱ्याचं नेमकं उलट. फरक एवढाच, आणि तो पहिल्यापासून डोळ्यांसमोर होता.

चिकटलेलं नाव निघायला वर्षं जातात, हे आपल्याला माशांकडून शिकायला नको. मालेगावच्या 2006 च्या स्फोटांनंतर पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयानं आरोपमुक्त केलं ते 2016 साली. एसटीत माझा हात फिरला तो याच आठवणीनं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला कुणी काही चिकटवलं नव्हतं. त्या बाईंनी फक्त माशाचं नाव विचारलं होतं. त्या काय समजतील, हे मीच त्यांच्या वतीनं ठरवून टाकलं. त्यांचं कुंकू आणि पदर बघून मीही त्यांना नुसत्या रंगावरूनच ओळखलं होतं.

पावसाळ्यात त्या जोडीनं पेटीतल्या सपाट दगडावर अंडी घातली. शेकडो बारीक दाणे. मादी परांनी वारा घालायची, नर काचेला लागून फेऱ्या मारायचा. रात्री वीज गेली, हवेचा पंप बंद पडला. मी मगानं पाणी वरून ओतत बसले, तर नर माझ्या बोटांवर धावून आला. जागा राखताना तो असाच अंगावर येतो. बाजाराला तेवढंच दिसलं आणि नाव पडलं.

सकाळी जुनी चिठ्ठी खरवडून काढली. नवी लिहिली, पुन्हा दोन्ही लिप्यांत: 'अँडिनोअकारा रिव्ह्युलेटस. बाजारातलं नाव ग्रीन टेरर. मूळ गाव इक्वेडोर, पेरू.'

तो मुलगा मीठ घ्यायला आला. अक्षर अक्षर जुळवून त्यानं चिठ्ठी वाचली.

"बाई, टेरर म्हणजे काय?"

"दहशत."

त्यानं अंड्यांना वारा घालणाऱ्या मादीकडे पाहिलं, मग नराकडे. म्हणाला, "यांची?"

मी म्हटलं, "तू अजून थोडे दिवस बघ. मग मला सांग."

मिठाची पिशवी खाली ठेवून तो पेटीपुढे बसला.