डिझेलचा हिशोब आणि मोठे टायर

आमचं घर बागवानांचं. आजोबांची हातगाडी होती, अब्बांनी आयुष्यभर फळांचा धंदा केला. मी बी.एड. करून उर्दू शाळेत मराठी शिकवायला लागलो आणि धंदा धाकट्या भावाकडे गेला. त्यानं कर्ज काढून पिकअप घेतली, तेव्हा जामीन मी राहिलो. त्यामुळे हप्त्याची तारीख जवळ आली की त्याच्याइतकीच धाकधूक मलाही होते.

जानेवारी ते एप्रिल ही आमच्याकडची द्राक्षांची सुगी. मिरज-तासगाव भागातल्या बागांतून माल उचलायचा, बाजारात न्यायचा. शेवटी शेवटी तो बेदाण्याच्या शेडवर पोचवायचा. डांबरी रस्त्याचा काही त्रास नाही. त्रास होतो तो बागेपर्यंतच्या पाणंदीचा. ट्रॅक्टरनं दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधे उंचवटा राहतो. पिकअपच्या मागच्या ऍक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा त्या उंचवट्याला घासायचा. एका वळवाच्या पावसात भरली गाडी अशी रुतली, की ट्रॅक्टर मिळेपर्यंत रात्र झाली. सकाळी त्या मालाला निम्माही भाव आला नाही.

भाऊ म्हणाला, "भाई, टायर बडे डालते. झंझट ही खतम."

गाडीला कंपनीचे टायर होते 215/75 आर 15. म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या 75 टक्के आणि आतली रिम 15 इंची. त्याजागी त्यानं 7.00 आर 15 टाकले. याच पिकअपच्या जास्त वजन वाहणाऱ्या मॉडेलला हेच टायर येतात, तेव्हा काळजी नको, असं टायरवाल्यानं सांगितलं. चार नवे टायर घेतले. पैसे संपले म्हणून स्टेपनी जुनीच, लहानच राहिली.

गाडी उंच दिसायला लागली. गल्लीतली पोरं बघायला आली. खरं तर गाडी उचलली गेली होती जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर. टायरचा व्यास जेवढा वाढतो, त्याच्या निम्माच फायदा ऍक्सलच्या खाली मिळतो. पण त्या दोन बोटांनी काम केलं. पाणंदीत गोळा घासणं जवळजवळ थांबलं.

बाकीच्या गोष्टी हळूहळू कळल्या. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर मडगार्डच्या रबराला घासायचा. तो तुकडा कापावा लागला. भरल्या गाडीला चढावर पहिल्या गिअरमध्ये जास्त ताण यायचा आणि क्लचचा जळका वास यायचा. ब्रेक थोडा आधी दाबावा लागायचा. भावाला वाटलं, टायर मोठे म्हणजे आता चार क्रेट जास्त बसतील. त्याला मी समजावलं, की टायर बदलले म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही. स्प्रिंग तीच, ब्रेक तेच, ऍक्सलही तोच. अब्बांचे गुडघे दुखतात. त्यांना केबिनमध्ये चढणं अवघड झालं, तर ड्रायव्हर पोरगा न सांगता एक रिकामा क्रेट पायरीसारखा खाली ठेवायचा.

तो पोरगा दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होता. मराठीत काठावर पास झालेला, पण गाडीवर हात चांगला. मला अजूनही 'सर' म्हणतो, अब्बांना 'चाचा'.

डिझेलचा हिशोब अब्बा ठेवतात. टाकी भरली की लिटर आणि मीटरवरचे किलोमीटर वहीत उर्दूत लिहायचे, ही त्यांची जुनी सवय. गाडी लिटरला 13 किलोमीटर द्यायची. टायर बदलल्यावर वहीत साडेअकराच्याही खाली यायला लागलं. एक महिना, दुसरा महिना, तेच. अब्बा म्हणाले, "डिझेल जातं कुठे?"

त्यातच एका रात्री पोरगा दोन तास उशिरा आला. म्हणाला, मागचं चाक पंक्चर झालं, स्टेपनी लहान होती म्हणून अगदी सावकाश आणली. भाऊ म्हणाला, स्टेपनी लावल्यावर गाडी गाडीसारखी पळते, दोन तास कसे लागतील? वहीतला आकडा आणि तो उशीर दोघांनी एकत्र जोडला. रस्त्यात थांबून डिझेल विकतो, असा निष्कर्ष निघाला.

पोरानं माझ्याकडे बघितलं. "सर, तुम्ही तरी सांगा."

मी काहीच बोललो नाही. वही समोर होती आणि आकडे खोटे बोलत नाहीत असं मी रोज वर्गात सांगत होतो. त्यानं चावी उंबऱ्यावर ठेवली आणि गेला.

आठवडाभर भाऊच गाडी चालवत होता. डिझेल त्यानं स्वतः भरलं, स्वतः लिहिलं. आकडा आला 11.4. भाऊ गप्प झाला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शाळेतला खडू आणि शिवणाची टेप घेऊन मी अंगणात उतरलो. टायरवर एक खूण केली, तिच्या खाली जमिनीवर दुसरी. भावाला गाडी सावकाश पुढे घ्यायला सांगितलं. टायरवरची खूण एक फेरा घेऊन पुन्हा खाली आली, तिथे तिसरी खूण केली. अंतर भरलं 2 मीटर 28 सेंटीमीटर. मग जुनी स्टेपनी चढवून तसंच मोजलं. ते भरलं 2 मीटर 14.

गाडीचं मीटर रस्ता मोजत नाही, फेरे मोजतं. एका फेऱ्यात अमुक अंतर, हे कारखान्यात ठरवून दिलेलं असतं. टायर मोठा झाला, फेऱ्यागणिक 14 सेंटीमीटर जास्त जायला लागला आणि मीटरला त्याचा पत्ताच नाही. मीटरवर 100 दिसतात तेव्हा गाडी शंभराहून जास्त, म्हणजे 106.5 किलोमीटर गेलेली असते. वेगाचंही तेच: काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 64 च्या आसपास असते. वहीतले 11.4 म्हणजे खरे 12.1. निम्मी घट तर झालेलीच नव्हती. उरलेली निम्मी टायरचं वाढलेलं वजन आणि इंजिनवरचा ताण यांनी खाल्लेली. पोरानं एक थेंबही नेला नव्हता.

स्टेपनीचं उत्तर मेकॅनिकनं दिलं. मागच्या ऍक्सलवर एक चाक मोठं आणि एक लहान असेल, तर लहान चाकाला तेवढ्याच रस्त्यात जास्त फिरावं लागतं. डिफरन्शियल एरवी वळणावर काम करतो. अशा वेळी तो सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो आणि तापतो. "पोरानं सावकाश आणली म्हणून वाचलात, नाहीतर गोळाच बसला असता," मेकॅनिक म्हणाला.

म्हणजे ज्या उशिराला आम्ही चोरी म्हटलं, तो उशीर आमच्या गाडीच्या काळजीपोटी झाला होता.

सूरह हुजुरातमध्ये फार संशय घेण्यापासून दूर राहायला बजावलंय. बदगुमानीवरची ती तकरीर मी किती जुम्म्यांना ऐकली असेल. पण आपल्याकडे आकडा असला की आपण त्याला बदगुमानी म्हणत नाही, पुरावा म्हणतो. आम्ही मोजायचं साधन स्वतःच्या हातानं बिघडवलं आणि हिशोब चुकल्यावर बोट माणसाकडे केलं. आणि मी गप्प बसलो. अब्बा आणि भावाला टायरचं गणित माहीत नव्हतं; मला त्या पोराचा स्वभाव माहीत होता. त्यामुळे माझी चूक मोठी, असं मला वाटतं.

संध्याकाळी आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो. अब्बा म्हणाले, "मी बोलतो. वही माझी आहे." गाडीतून उतरताना त्यांना मी आणि भावानं दोन्हीकडून धरलं. त्यांनी दारातच हात जोडले. पोरानं त्यांचे हात धरून खाली केले आणि त्याच्या अम्मीनं चहा ठेवला. तो लगेच परत आला नाही. पंधरा दिवस दुसऱ्याच्या टेम्पोवर गेला, मग आला. आल्यावर पूर्वीसारखा मोकळा बोलत नाही, कामापुरतं बोलतो. तो त्याचा हक्क आहे.

टायर आम्ही बदलले नाहीत. पाणंद अजून तशीच आहे. पाचवा टायर तेवढा त्याच मापाचा घेतला. अब्बांच्या वहीत आता दोन रकाने आहेत, 'मीटर' आणि 'खरे'. दुसरा रकाना पोरगा स्वतः 1.065 नं गुणून भरतो.

तुम्हीही गाडीला मोठे टायर टाकणार असाल तर आधी आरटीओत आणि विम्याच्या ऑफिसात विचारून घ्या, पाचही टायर एका मापाचे घ्या आणि पहिल्याच दिवशी खडूनं एक फेरा मोजा. दहा मिनिटांचं काम आहे. आम्ही ते दोन महिने उशिरा केलं.