प्रॅक्टिकलवालं रसायनशास्त्र घ्यावं की नुसतं थिअरीचं?



आज काडी, डोळा, फवारणी काही नाही. पंधरा दिवस आमच्या घरात एकच चर्चा चालू होती. तीच चर्चा तुमच्यापैकी बऱ्याच घरांत या दिवसांत होत असणार, म्हणून लिहितो.

पुतणी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गेली. मुख्य विषय वनस्पतिशास्त्र, जोडविषय रसायनशास्त्र. या सत्रात सेंद्रिय रसायनशास्त्र घ्यायचंय. इथं एक खुलासा करतो, कारण गावात दोघांनी मला विचारलं, "पोरगी सेंद्रिय शेती शिकतेय का?" तसं नाही. सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे कार्बनच्या संयुगांचं शास्त्र. आपण मारतो ती बहुतेक कीटकनाशकं, तणनाशकं, जीए सारखी संजीवकं, सगळी त्यातच येतात. युरियासुद्धा त्यातलाच. 1828 साली फ्रेडरिक वोलर या जर्मन शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला. तोपर्यंत लोक धरून चालायचे की असे पदार्थ फक्त जिवंत शरीरातच तयार होतात. म्हणजे ज्या युरियासाठी आपण रांगेत उभे राहतो, त्याच्यापासून या शास्त्राला नवं वळण लागलं.

तर पुतणीपुढे दोन वाटा होत्या.

पहिली, स्वयम पोर्टलवरचा ऑनलाईन कोर्स. नुसती थिअरी. व्हिडिओ घरी बसून बघायचे, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. यूजीसीच्या 2021 च्या नियमाप्रमाणे एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय असे घेता येतात, आणि त्याचे क्रेडिट मार्कशीटला धरले जातात. खर्च कमी, दुपारी पोरगी घरी.

दुसरी, कॉलेजमधला. 2 क्रेडिट थिअरी, 2 क्रेडिट प्रॅक्टिकल. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला 30 तास. म्हणजे सत्रात 60 तास प्रयोगशाळेत. आठवड्याचे 4 तास धरा. ते दुपारनंतर. सुटल्यावर जी एसटी मिळते ती फाट्यावर दिवेलागणीला सोडते, आणि फाट्यापासून मळा तीन किलोमीटर.

धाकट्या भावाचं म्हणणं सरळ होतं. "दादा, क्रेडिट सारखेच मिळणार असतील तर पोरीला अंधारात कशाला फिरवायची?" हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ज्यांच्या घरी लेकी आहेत त्यांना कळेल.

पण पुतणीला पुढं जायचंय ते अंश तपासणीच्या लॅबमध्ये. रेसिड्यू लॅब म्हणतो आपण तिला. आता या लॅबची किंमत द्राक्षवाल्यांना सांगायला नको. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षं अडवली, तेव्हा काय झालं ते निर्यातवाल्या प्रत्येकाला आठवतंय. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोला 0.01 मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. म्हणजे एका टन द्राक्षात 10 मिलिग्रॅम. चिमटीत धरता येणार नाही एवढं. अशा ठिकाणी भांडं नीट धुतलं नाही, नमुना सांडला, नळीची खूण चुकली, की एखाद्याचा वर्षाचा माल अडकला. हे काम हाताचं आहे, आणि हात व्हिडिओ बघून तयार होत नाही.

पुतणीने मला एक प्रयोग समजावून सांगितला, तो तुम्हालाही सांगतो. शुद्ध युरिया साधारण 133 अंशाला वितळतो. सिनॅमिक आम्ल म्हणून एक पांढरी पावडर असते, तीही 133 लाच वितळते. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींचा द्रवणांक सारखा. कोणती कोणती, कसं ओळखणार? दोन्ही एकत्र खलायच्या आणि तापवायच्या. मिश्रण 133 च्या बरंच खाली वितळायला लागतं, तेही एकदम नाही, हळूहळू. भेसळ झाली की द्रवणांक खाली येतो आणि पसरतो. पुस्तकात ही एक ओळ आहे. पण बारीक नळीत पावडर भरणं, तापमान सावकाश चढवणं, पहिला थेंब नेमका कधी दिसला ते टिपणं, हे करताना पहिल्यांदा दोन मुलांची उत्तरं जुळत नाहीत. ती का जुळली नाहीत हे शोधणं, तेच खरं शिक्षण.

आपल्याकडे बोर्डो मिश्रणाचं असंच आहे. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी, हे पाठ सगळ्यांना. पण चुना जुना निघाला तर प्रमाण फसतं. म्हणून आपण मिश्रणात विळा बुडवून बघतो, पात्यावर तांबूस थर चढला की अजून चुना घालतो. बोर्डो काही सेंद्रिय रसायन नाही, पण विळा बुडवायची सवय कृती वाचून लागलेली नाही, मिश्रण करता करता लागली.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. नुसती थिअरी वाया जात नाही. कॅप्टान सामू 5 च्या पाण्यात निम्मं विघटित व्हायला दिवसाहून जास्त वेळ लागतो, सामू 8 च्या पाण्यात साधारण 10 मिनिटं. असं का होतं, हे थिअरीच सांगते. ज्याला कृषी सेवा केंद्र चालवायचंय, लेबल समजून घ्यायचंय, कोणती दोन औषधं एका टाकीत नकोत ते कळून घ्यायचंय, किंवा ज्याचा मुख्य विषयच वेगळा आहे, त्याला थिअरीचा चांगला कोर्स पुरतो. शिकवणारे नावाजलेले प्राध्यापक असतात, व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघता येतो. मी स्वतः दहावी पास माणूस, तरी पुतणीच्या शेजारी बसून दोन तास ऐकले आणि निम्मं समजलं.

मग ठरवायचं कसं? मला जो फरक दिसला तो असा. थिअरी नंतर भरून काढता येते. पुस्तक आहे, मोबाईल आहे, रात्रीचे दोन तास आहेत. प्रयोगशाळा नंतर कोणी उघडून देत नाही. सोडियम, आम्लं, गॅसचे बर्नर, ऊर्ध्वपातनाची काचेची मांडणी, हे घरी करायचं काम नाही आणि करूही नये. पदवी झाल्यावर बाहेरच्या माणसाला कोणतं कॉलेज आत घेईल? ज्याला पुढे लॅबमध्ये उभं राहायचंय, त्याने ते दार उघडं आहे तोवर आत जावं.

पण एक अट. ती प्रयोगशाळा खरंच चालली पाहिजे. काही ठिकाणी शिक्षक एकटे करून दाखवतात, मुलं लांबून बघतात आणि मागच्या वर्षीच्या जर्नलवरून आकडे उतरवतात. तसं असेल तर एसटीचे पैसे आणि पोरीची संध्याकाळ वाया. म्हणून फॉर्म भरायच्या आधी हे बघा:

1. एका तुकडीत मुलं किती, आणि प्रयोग प्रत्येकजण स्वतः करतो की चौघांत एक?
2. द्रवणांक मोजायचं उपकरण, ऊर्ध्वपातनाची मांडणी चालू आहे का? बाटल्यांच्या लेबलवरची तारीख वाचा.
3. धूर बाहेर ओढणारं कपाट चालतं का? चष्मा आणि डोळे धुवायची सोय आहे का?
4. हे ऑफिसात विचारू नका. एक वर्ष पुढच्या मुलामुलींना विचारा.
5. जिथं पुढे अर्ज करायचाय तिथं फोन करून विचारा, की मार्कशीटवर प्रॅक्टिकल लागतं का.

पुतणीने स्वतः हे सगळं विचारून आणलं. तिच्या कॉलेजात तुकडी वीसची आहे आणि प्रयोग ज्याचा त्याने करायचा. तिने प्रॅक्टिकलवाला फॉर्म भरला. प्रॅक्टिकलच्या दिवशी भाऊ फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा राहणार, आणि छाटणीच्या दिवसांत तो मजुरांत अडकला तर मी. आठवड्यातला एक दिवस आहे, तेवढं जमतं.

तुमच्या घरात कोणी अशा वळणावर असेल तर फी आणि अंतर जरूर मोजा. पण त्याआधी मुलाला विचारा, पुढे काम कागदावर करायचंय की हाताने. उत्तर हाताने असं आलं, तर लॅब बघायला एक दिवस काढून त्याच्याबरोबर जा. कलम घेताना आपण नर्सरी बघायला जातोच ना.

पुढच्या वेळी काडीच्या पक्वतेवर लिहितो.